संसारी भक्ताचे संगीत : आंतोनीन द्वोर्झाक यांचे चरित्र



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ही स्मरणिका आपल्या हाती पडत आहे. अशा पुस्तिकेत एखाद्या साधुसंताचे चरित्र द्यावे असा परिपाठ आहे व तो सर्वथा योग्यच होय. तथापि या खेपेस आम्ही बुद्ध्याच एका प्रापंचिकाचे चरित्र सादर करण्याचे योजिले आहे. ज्यांचे चरित्र आम्ही सांगणार आहोत ते ना मठवासी होते, ना धर्मगुरू, ना हुतात्मे. ते एका खाटकाचे पुत्र होते. बायकोमुलांचे पोट भरण्यासाठी शिकवण्या करीत, नाटकगृहात वाद्य वाजवीत आणि रविवारी देवमंदिरात ऑर्गनवर बसत. पुढे त्यांची कीर्ती युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत पसरली; परंतु पती, पिता व भाविक कॅथलिक या तीन नात्यांचा त्यांना कधी विसर पडला नाही. त्यांचे नाव आंतोनीन द्वोर्झाक.

हे चरित्र निवडण्यास आमच्यापाशी आणखी एक कारण आहे. धर्मगुरूच्या वाट्यास जी कर्तव्ये येतात त्यांत लहान मुलाच्या अंत्यविधीइतके कठीण दुसरे कोणतेही नाही. त्या इवल्याशा पेटीपुढे उभे राहिले म्हणजे सेमिनरीत शिकलेले सारे धर्मशास्त्र जिभेवर अडखळते, आणि आईबापांच्या मुद्रेकडे पाहून काय बोलावे हे सुचत नाही. अशा प्रसंगी आम्हांस द्वोर्झाक यांचे स्मरण होते. त्यांनी दोन वर्षांहून किंचित अधिक काळात आपली तीन लेकरे मातीआड केली. त्यानंतर ते कसे जगले, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

बालपण व शिक्षण

प्राग शहराच्या उत्तरेस व्लतावा नदीच्या काठी नेलाहोझेवेस नावाचे एक खेडे आहे. हा बोहेमिया देश त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. आज तो चेक प्रजासत्ताकाचा भाग आहे. या खेड्यात 8 सप्टेंबर 1841 रोजी आंतोनीन यांचा जन्म झाला. 8 सप्टेंबर हा पवित्र मरियेच्या जन्माचा सण होय, हे आपणांस सांगणे नको. वांद्र्याच्या डोंगरावर ज्या सणास आपण मेणबत्त्या घेऊन जातो, त्याच सणाच्या दिवशी हे मूल जन्मास आले. आपली स्वर्गीय माता व हे बालक यांचा संबंध असा पहिल्याच दिवशी जुळला. तो पुढे किती खोल गेला हे ओघाने येईलच.

पिता फ्रान्तिशेक हे खाटकाचा धंदा करीत व एक खाणावळही चालवीत. काम आटोपले म्हणजे ते झिथर नावाचे तंतुवाद्य घेऊन बसत. खाणावळीत लग्नकार्ये व नाचगाणी होत, आणि अशा वेळी गावकरी एकत्र जमून वाद्ये वाजवीत. बोहेमियात त्या काळी शाळामास्तर म्हणजेच गावचा संगीतशिक्षक आणि बहुधा देवमंदिराचा वादकही असे. लहानग्या आंतोनीनला व्हायोलिनचे पहिले धडे गावच्या मास्तरांनीच दिले. पुढे झ्लोनित्से या गावी आंतोनीन लीमान नावाच्या शिक्षकांनी त्याला ऑर्गन, व्हायोला, पियानो आणि स्वररचनेचे शास्त्र शिकविले. लीमान तापट होते, परंतु विद्या देताना त्यांनी हात आखडला नाही. आणि शिष्यानेही त्यांचे ऋण जन्मभर मानले.

घरची स्थिती बेताची होती आणि पाठीमागे भावंडे पुष्कळ होती. तरीही मामाकाकांच्या साहाय्याने 1857 साली या मुलास प्रागच्या ऑर्गन विद्यालयात धाडण्यात आले. देवमंदिरांकरिता वादक तयार करणे हे त्या विद्यालयाचे काम. 1859 साली ते तेथून उत्तीर्ण झाले. परंतु ऑर्गनवादकाची जागा काही मिळेना. तेव्हा ते एका वाद्यमेळ्यात व्हायोला वाजवू लागले. हा मेळा उपाहारगृहांतून व नाचांतून वाजवीत असे. 1862 साली प्रागमध्ये चेक भाषेचे नाटकगृह उघडले. त्याच्या वाद्यवृंदात या मेळ्याचा समावेश झाला आणि द्वोर्झाक तेथे सुमारे नऊ वर्षे व्हायोला वाजवीत राहिले.

व्हायोला हे वाद्य कसे असते हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी दोन शब्द लिहितो. ते व्हायोलिनहून किंचित मोठे व त्याचा स्वर किंचित खोल. व्हायोलिनला गाण्याची मुख्य चाल मिळते, चेलोला खर्ज मिळतो, आणि व्हायोला मधल्या मध्ये राहून दोहोंना सांधते. श्रोत्यांचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु ती थांबली तर मेळ पोकळ वाटू लागतो. घरातल्या कर्त्या माणसाचेही पुष्कळदा असेच असते. द्वोर्झाक यांनी उमेदीची वर्षे या मधल्या जागेवर बसून काढली. रात्री नाटकगृहात वाजवावे, दिवसा शिकवण्या कराव्यात आणि उरल्या वेळात स्वतःची रचना लिहावी, असा त्यांचा क्रम होता. त्या रचना पुष्कळ वर्षे कोणी ऐकल्या नाहीत; कित्येक तर त्यांनी स्वतःच नष्ट केल्या.

विवाह व संसार

शिकवणीच्या निमित्ताने त्यांचा चेर्माक नावाच्या सोनाराच्या घराशी परिचय झाला. तरुणपणी त्यांचे मन त्या घरच्या योसेफिना नावाच्या कन्येवर जडले होते. परंतु ते प्रेम सफल झाले नाही. पुढे तिची धाकटी बहीण आन्ना हिच्याशी 17 नोव्हेंबर 1873 रोजी प्रागच्या संत पेत्राच्या चर्चमध्ये त्यांचा विवाहसंस्कार झाला. आन्ना यांचा कंठ मधुर व खालच्या पट्टीचा होता. त्या नाटकगृहाच्या गायकवृंदात गात असत. हे लग्न म्हणजे हुकलेल्या प्रेमाची भरपाई नव्हे. तीस वर्षे त्यांचा संसार अखंड चालला, आणि त्याचा धागा मृत्यूनेच काय तो तोडला.

लग्नानंतर लवकरच, 1874 साली, त्यांस प्रागमधील संत आडालबर्ट यांच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली. वेतन थोडके होते. तीन वर्षे ते तेथे मिस्सांना व सणासुदीला वाजवीत होते. त्याच सुमारास गरीब व होतकरू कलावंतांना ऑस्ट्रियाचे सरकार देत असलेली वृत्ती मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला, आणि 1875 साली त्यांस 400 गुल्डन मिळाले. घरात पहिला पुत्र ओताकार रांगू लागला होता. एकंदरीत, चार पैसे हाती येत होते व दिवस बरे येत आहेत असे वाटत होते.

तीन लेकरांचा वियोग

ऑगस्ट 1875 मध्ये योसेफा नावाची कन्या जन्मास आली व दोनच दिवसांनी देवाघरी गेली. पुढील वर्षी, 19 फेब्रुवारी 1876 रोजी, द्वोर्झाक यांनी एक नवी रचना लिहिण्यास प्रारंभ केला. ही रचना म्हणजे क्रूसाखाली उभ्या असलेल्या दुःखी मातेचे प्राचीन लॅटिन स्तोत्र, स्ताबात मातेर, होय. मध्ययुगात रचलेले हे स्तोत्र आपल्या परंपरेत क्रूसाच्या वाटेच्या वेळी, एका स्थानाहून दुसऱ्या स्थानाकडे जाताना, कडव्याकडव्याने गातात. त्याचा आशय आपणांस परिचित आहेच. पुत्र क्रूसावर आहे, माता खाली उभी आहे, आणि गाणारा भक्त तिच्या दुःखात आपणास वाटा मिळावा अशी याचना करीत आहे. द्वोर्झाक यांनी मे महिन्याच्या प्रारंभी पियानोच्या साथीची सात प्रकरणे पुरी केली. मग इतर कामांच्या रेट्यात ती वही बाजूस पडली.

1876 च्या सप्टेंबरात रुझेना नावाची दुसरी कन्या झाली. ती अकरा महिन्यांची असता, 13 ऑगस्ट 1877 रोजी, घरातील फॉस्फरसचे विषारी द्रावण चुकून तिच्या पोटात गेले व ती दगावली. आईबापांचे डोळे अद्याप सुकले नव्हते, तोच साडेतीन वर्षांच्या ओताकारला देवी आल्या. या रोगाचे आज पृथ्वीवरून उच्चाटन झाले आहे; परंतु त्या काळी त्याने घरेच्या घरे ओस पाडली. 8 सप्टेंबर 1877 रोजी तो मुलगाही गेला. तो दिवस पित्याचा छत्तिसावा वाढदिवस होता, आणि पवित्र मरियेच्या जन्माचा सणही.

वाचकहो, क्षणभर थांबून या घराकडे पहा. चार वर्षांपूर्वी लग्न झालेले जोडपे. तीन लेकरे झाली. आता पाळणा रिकामा, खेळणी जागच्या जागी, आणि सणाची घंटा वाजत आहे. अशा वेळी माणूस पुष्कळदा दोहोंपैकी एका मार्गास लागतो. एक तर तो देवाशी अबोला धरतो व देवमंदिराची पायरी चढणे सोडतो. नाही तर घराकडे पाठ फिरवून कामात, दारूत वा प्रवासात दुःख बुडवू पाहतो. दोन्ही प्रकारची माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांस दोष देण्याचे आम्हांस धैर्य होत नाही.

द्वोर्झाक यांनी यांपैकी काहीच केले नाही. ऑक्टोबर महिन्यात त्यांनी बाजूस ठेवलेली वही पुन्हा काढली. आधीच्या सात प्रकरणांत तीन नव्या प्रकरणांची भर घातली, चार गायक, गायकवृंद व पूर्ण वाद्यवृंद यांकरिता सर्व रचना पुन्हा मांडली, आणि 13 नोव्हेंबर 1877 रोजी ती संपविली. नव्याने घातलेली तीन प्रकरणे, म्हणजे तीन अपत्यांकरिता तीन, असा हिशेब करण्याचा मोह होतो. परंतु त्यांनी तसे कोठे म्हटलेले नाही, म्हणून आम्हीही म्हणत नाही. इतके मात्र खरे की पहिले अपत्य गेल्यावर जे स्तोत्र त्यांनी हाती घेतले होते, तेच उरलेली दोन गेल्यावर पुरे केले. आपल्या दुःखासाठी त्यांनी स्वतःचे शब्द शोधले नाहीत. ख्रिस्तसभेने शतकानुशतके गायिलेले मातेचे शब्द घेतले, आणि आपले दुःख तिच्या दुःखाशेजारी नेऊन ठेविले.

या रचनेच्या आरंभी वाद्ये एकच स्वर हळूहळू वरच्या सप्तकांत चढवीत नेतात. जणू खाली उभे राहून कोणी मान वर करून क्रूसाकडे पाहत आहे. मग तेथून स्वर पायरीपायरीने उतरू लागतात, जसे अश्रू उतरतात. सुमारे दीड तास ही प्रार्थना चालते. परंतु अखेरच्या प्रकरणात, जेथे आत्म्यास स्वर्गाचे वैभव लाभावे अशी मागणी आहे, तेथे संगीत अंधारातून उजेडात येते आणि आमेन या शब्दाचा मोठा जयघोष होतो. तो जयघोष दुःख नाकारीत नाही. दुःखाच्या पलीकडे पुनरुत्थान आहे ही आपली श्रद्धाच त्यातून ऐकू येते. वाळूत नाक खुपसून कोणी आमेन म्हणत नसतो. क्रूस डोळ्यांनी पाहूनच तो म्हणावा लागतो.

कीर्ती व घर

देवाची योजना पहा. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर 1877 मध्ये, ब्राम्स या थोर जर्मन संगीतकाराने द्वोर्झाक यांच्या युगुलगीतांची शिफारस बर्लिनच्या सिमरॉक या प्रकाशकाकडे केली. पुढील वर्षी त्यांची स्लाव्ह नृत्ये प्रसिद्ध झाली आणि हां हां म्हणता त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पाळणा रिकामा झाल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी कीर्ती दाराशी आली. ती आली म्हणून लेकरे परत येणार नव्हती. पण देवाने तेही घर पुन्हा भरले. 1878 साली ओतिलिये जन्मली, आणि 1888 पर्यंत चार कन्या व दोन पुत्र अशी सहा अपत्ये त्या घरात नांदू लागली. दुसऱ्या पुत्राचे नाव त्यांनी पुन्हा ओताकारच ठेविले.

दुःखी मातेचे स्तोत्र 23 डिसेंबर 1880 रोजी प्रागमध्ये प्रथम गायिले गेले. 1883 साली ते लंडनला पोहोचले, आणि पुढच्या वर्षी मार्च महिन्यात लंडनकरांनी स्वतः द्वोर्झाक यांसच ते चालविण्यास बोलाविले. रॉयल अल्बर्ट हॉल या प्रचंड सभागृहात आठशेंहून अधिक गायकांपुढे खाटकाचा हा पुत्र उभा राहिला. प्रागमधील एका बिऱ्हाडात दोन माणसांनी गाळलेले अश्रू हजारो परक्या माणसांचे झाले. त्यानंतर इंग्लंडास त्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या, आणि 1891 साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टर केले.

या मिळकतीतून त्यांनी राजवाडा बांधला नाही. 1884 साली व्हिसोका या खेड्यात त्यांनी एक जुना मेंढवाडा व थोडी जमीन विकत घेऊन तेथे उन्हाळ्यापुरते साधे घर केले. तेथे ते बागेत खपत, कबुतरे पाळीत, पहाटे रानात फिरत, आणि मुलांचा गलबला चालू असतानाच लिहीत बसत. आगगाडीच्या इंजिनांचे त्यांना लहान मुलासारखे वेड होते. प्रागच्या स्थानकावर जाऊन ते इंजिने न्याहाळीत. जवळच्या त्रेब्स्को गावच्या चर्चमध्ये ते मिस्सेच्या वेळी ऑर्गन वाजवीत, आणि पुढे 1894 साली त्या चर्चला त्यांनी नवा ऑर्गन दिला. जगाने ज्यांच्यापुढे टोप्या काढल्या, ते खेड्याच्या देवळात गावकऱ्यांच्या गाण्यास साथ करीत, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

आमच्या गायनमंडळास एक गोष्ट अवश्य सांगावीशी वाटते. 1887 साली ह्लाव्का नावाच्या एका दानशूर गृहस्थांनी लुझानी येथील आपल्या वाड्यात प्रार्थनामंदिर बांधले व त्याच्या आशीर्वादविधीसाठी मिस्सा रचण्याची द्वोर्झाक यांस विनंती केली. मंदिर लहान, गाणारे थोडे. म्हणून त्यांनी केवळ ऑर्गनच्या साथीने गाता येईल अशी मिस्सा रचली. त्या दिवशी ती त्यांनी स्वतः चालविली, आणि खालच्या पट्टीचा मुख्य भाग त्यांच्या पत्नी आन्ना यांनी गायिला. वरच्या पट्टीचा भाग यजमानीणबाईंकडे होता. पतीने रचावे, पत्नीने गावे, आणि दोघांनी मिळून वेदीपुढे अर्पण करावे, याहून सुंदर विवाहजीवन आम्हांस ठाऊक नाही.

हस्तलिखिताच्या अखेरीस देवाचे आभार मानणारे दोन शब्द लिहिण्याचा त्यांचा परिपाठ होता. काम मोठे असो वा लहान, त्यावर स्वतःची स्वाक्षरी ही शेवटची रेघ नसे.

परदेशची नोकरी

1892 च्या सप्टेंबरात द्वोर्झाक अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क येथील राष्ट्रीय संगीत विद्यालयाने त्यांस वर्षाला 15,000 डॉलर देऊ केले होते. घरी या गोष्टीचा पुष्कळ खल झाला. अखेर होकार गेला. परंतु सहाही मुलांना नेणे जमेना. आन्ना, ओतिलिये व थोरला पुत्र आंतोनीन बरोबर निघाले, आणि चार लेकरे आजीच्या हवाली करून समुद्र ओलांडावा लागला.

आपल्या धर्मग्रामात आखातात, जहाजावर वा दूरदेशी गेलेल्या बापांची व आयांची संख्या थोडी नाही. त्यांस या प्रसंगाचा अर्थ विवरून सांगण्याची गरज नाही. पैसा मुलांसाठी मिळवावयाचा आणि मुलांपासूनच दूर राहावयाचे, हा पेच द्वोर्झाक यांनीही अनुभवला. आम्ही त्यांस या बाबतीत निर्दोष ठरवू इच्छीत नाही. सोन्याचा मोह नव्हता असे कोण म्हणेल? पण त्यांनी तो विरह अंगवळणी पडू दिला नाही. आठ महिन्यांनी, 1893 च्या मे अखेरीस, चारही मुले न्यूयॉर्कला आली, आणि थोड्याच दिवसांत सारे कुटुंब आयोवा प्रांतातील स्पिलव्हिल या खेड्यास गेले. तेथे चेक लोकांची वसाहत होती, चेक भाषा होती, आणि संत व्हेन्सेस्लास यांच्या नावाचे चर्च होते. द्वोर्झाक सकाळच्या मिस्सेला ऑर्गनवर बसू लागले. परदेशात आलेले म्हातारे शेतकरी मायबोलीतील भजने गाऊ लागले.

तेथे पोहोचून तीन दिवस झाले नाहीत तोच त्यांनी चार तंतुवाद्यांची एक रचना आरंभिली व 23 जूनपर्यंत ती पुरी केली. हीच पुढे अमेरिकन चतुष्टय म्हणून जगप्रसिद्ध झाली. ती प्रथम वाजविली ती कोण्या मोठ्या वादकांनी नव्हे. यजमान कोवार्झीक कुटुंबातील मंडळी व स्वतः द्वोर्झाक यांनी घरातच बसून ती वाजविली. मुले अंगणात, आन्ना जवळ, आणि हाती वाद्य! त्या उन्हाळ्यात ते किती सुखी होते हे त्या संगीतात आजही ऐकू येते.

त्याच वर्षी 16 डिसेंबर रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांच्या नव्या जगाच्या सिंफनीचा मोठा जयजयकार झाला. आणि त्याच दिवसांत ते घरी बसून काय लिहीत होते? व्हायोलिन व पियानो यांकरिता एक लहानशी, सोपी रचना. ओतिलिये पंधरा वर्षांची होती व पियानो वाजवी. आंतोनीन दहा वर्षांचा होता व व्हायोलिन शिकत होता. त्या दोघा भावंडांना मिळून वाजविता यावे म्हणून बापाने हे लिहिले, आणि आपल्या कृतींतील शंभरावा क्रमांक त्यास देऊन ते मुलांनाच अर्पण केले. शंभरावी कृती एखाद्या राजास वा विद्यापीठास अर्पण करता आली असती. हा मान त्यांनी आपल्या घरच्या दिवाणखान्यास दिला.

1894 च्या मार्च महिन्यात बापूस फ्रान्तिशेक दूर मायदेशी अंथरुणास खिळले होते. समुद्रापलीकडे असलेल्या पुत्राने बायबल उघडले व स्तोत्रसंहितेतील वचनांवर दहा गीते रचली. गीते 26 मार्च रोजी पुरी झाली. 28 मार्च रोजी वृद्ध पित्याने देह ठेविला. झिथर वाजविणाऱ्या त्या खाटकानेच मुलाला संगीताचा पहिला नाद ऐकविला होता. पुत्रास शेवटचे दर्शन घडले नाही. लेकरांच्या वियोगात ज्याने मातेचे स्तोत्र धरले, त्याने पित्याच्या वियोगात स्तोत्रसंहिता धरली. दुःख आले की कोणत्या दाराशी जावयाचे हे त्यांच्या पायांस ठाऊक झाले होते.

पुढील हंगामात ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले; या खेपेस आन्ना व धाकटा ओताकार एवढेच सोबत होते. मन मात्र तेथे लागेना. एप्रिल 1895 मध्ये ते मायदेशी परतले व त्याच उन्हाळ्यात त्यांनी नोकरीचा राजीनामा धाडला. मोठ्या पगारापेक्षा भरलेले घर त्यांस प्रिय वाटले.

अखेरचे दिवस

17 नोव्हेंबर 1898 रोजी आंतोनीन व आन्ना यांच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव होता. त्याच दिवशी थोरली कन्या ओतिलिये हिचा विवाह योसेफ सूक या तरुण संगीतकाराशी लावण्यात आला. सूक हे द्वोर्झाक यांचे शिष्य होते. एकाच दिवशी आईबापांच्या पंचवीस वर्षांबद्दल उपकारस्तुती आणि लेकीच्या संसारास आशीर्वाद! आपल्यापैकी ज्यांच्या घरी रौप्यमहोत्सव जवळ आला आहे त्यांनी हे स्मरणात ठेवावे.

1 मे 1904 रोजी, प्रागमधील आपल्या घरी कुटुंबासमवेत भोजनास बसले असता द्वोर्झाक यांची प्रकृती एकाएकी बिघडली व लवकरच त्यांनी प्राण सोडला. वय 62 होते. ज्या रस्त्यावर 1877 साली तीन लेकरांच्या मागे उरलेले ते दोघे राहावयास आले होते, त्याच झित्ना रस्त्यावरील घरात, बायकोमुलांच्या मध्ये, त्यांचा शेवट झाला. व्हिशेह्राद येथील दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली. पुढील वर्षीच ओतिलियेही निवर्तली, आणि जावई सूक यांनी सासरे व पत्नी या दोघांच्या स्मरणार्थ एक मोठी सिंफनी रचली. घराण्यातील संगीत मात्र थांबले नाही. सूक यांचे नातू, म्हणजे द्वोर्झाक यांचे पणतू, दुसरे योसेफ सूक, हे विसाव्या शतकातील नामवंत व्हायोलिनवादक होऊन गेले. ते 2011 साली वारले.

आपणांस बोध

द्वोर्झाक संत नव्हते. स्वभाव तापट होता. प्रकाशकांशी पैशावरून खटके उडत. गर्दीत गेले की जीव घाबरा होई. म्हणूनच त्यांचे चरित्र आपल्या आवाक्यातले आहे असे आम्हांस वाटते. त्यांच्याइतकी प्रतिभा आपणांपाशी नाही. पण त्यांनी जी गोष्ट केली ती करण्यास प्रतिभा लागत नाही. त्यांनी वाद्य, घर व वेदी या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून तुटू दिल्या नाहीत. सुख आले तरी ते तेथेच नेले, आणि दुःख आले तरी तेथेच.

आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांत भिंतीस टांगलेले व्हायोलिन आहे. त्याची तार तुटून वर्षे लोटली. कित्येकांच्या माळ्यावर आजोबांची पेटी धूळ खात पडली आहे. पूर्वी सायंकाळी जपमाळेनंतर बाप पेटीवर बसे, मुले भोवती कोंडाळे करून गात, आणि शेजारी ओट्यावर येऊन ऐकत. आज त्याच घरांत चौघे चार कोपऱ्यांत चार निरनिराळे आवाज ऐकत बसतात. या महोत्सवाच्या निमित्ताने मंडप उभे राहतील, वाजंत्री वाजेल. त्याचा आम्हांसही आनंदच आहे. पण त्यासोबत प्रत्येक घराने एक तार नवी बसवावी, एक पेटी माळ्यावरून खाली उतरवावी, आणि आठवड्यातून एक सायंकाळ तरी बापाने मुलांसह एक गीत गावे, एवढी आमची मागणी आहे.

आणि ज्या घरी पाळणा रिकामा झाला आहे, त्या आईबापांस आम्ही काय सांगावे? आमच्यापाशी उत्तर नाही. फक्त एवढेच सांगतो की पुढील प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला या. तेराव्या स्थानी, जेथे माता आपल्या पुत्राचा देह मांडीवर घेते, तेथे आम्ही घटकाभर थांबू. आपणांस गाता आले तर गा. कंठ दाटून आला तर गप्प उभे रहा. आपल्या वाट्याचे इतर जण गातील. ख्रिस्तसभेत गाणे असेच पुरे होत असते.

दुःखी माता मरिया आपल्या सर्व घरांवर आपले छत्र धरो, आणि आपल्या वडिलांनी बांधलेल्या या देवमंदिरातील गाणे आपल्या नातवंडांच्याही कंठी राहो, हीच आमची प्रार्थना. आमेन.